रेडिओ नेमका कोणाच्या मालकीचा?

बठ्ठासले राम राम. वाचनालयाच्या मंडळींनी मला "प्रसारमाध्यमं आणि आपण" असा विषय दिला होता, पण एवढा मोठा विषय घेतला की तासाभरात काहीच हाती लागत नाही, म्हणून मी म्हटलं की फक्त आकाशवाणीवर बोलतो. इथे समोर केळीवाले बसलेत, शिक्षक आहेत, मागे कॉलेजची पोरं उभी आहेत, आणि मला माहितीये की पोरांच्या मनात पहिलाच प्रश्न हा आहे की सर आता रेडिओ ऐकतं कोण. त्याचं उत्तर देतो पण आधी दुसरा प्रश्न घेऊ, कारण तो जास्त महत्त्वाचा आहे. रेडिओ कोणाचा? तुम्ही कोणालाही विचारा, तो म्हणेल सरकारचा. माझं म्हणणं असं की हे उत्तर चुकीचंय, आणि ते चुकीचं आहे हे आपण इतकी वर्षं कोणाला ठणकावून सांगितलं नाही म्हणून आकाशवाणीची आज ही अवस्था आहे.

सुरुवातीला तर तो सरकारचा नव्हताच. २३ जुलै १९२७ ला मुंबईत इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचं केंद्र सुरू झालं, लॉर्ड आयर्विन व्हाइसरॉय होते त्यांनी उद्घाटन केलं, महिन्याभरात कलकत्त्याचं केंद्र लागलं. ही खाजगी कंपनी होती. ट्रान्समीटर फक्त दीड किलोवॉटचे, म्हणजे मुंबई शहर आणि आजूबाजूचा पट्टा सोडला तर नीट ऐकू येण्याचा प्रश्नच नाही, आपल्या खानदेशात दिवसा तर मुळीच नाही. कंपनीचा हिशोब असा होता की लोक सेट घेतील, वर्षाला दहा रुपयांचं लायसन काढतील आणि त्यावर कंपनी चालेल. पण त्या काळात दहा रुपये म्हणजे काय हे आपल्या आजोबांना विचारा, आणि सेटची किंमत तर विचारूच नका. १९२९ संपताना सगळ्या देशात मिळून आठ हजार लायसनंसुद्धा नव्हती. १ मार्च १९३० ला कंपनी दिवाळखोरीत गेली आणि १ एप्रिलपासून सरकारने दोन वर्षं प्रयोग म्हणून ती चालवायला घेतली.

आता यापुढची गोष्ट मला फार आवडते आणि ती कोणी सांगत नाही. १९३१ च्या ऑक्टोबरमध्ये सरकारने ठरवलं की मंदी आहे, पैसा नाही, रेडिओ बंद करून टाकू. आणि लोक उठले! विशेषतः बंगालमध्ये लोकांनी मोठी ओरड केली, व्यापारी होते, ऐकणारे होते, आणि दीड महिन्यात सरकारला निर्णय मागे घ्यावा लागला, पुढे मे १९३२ मध्ये कायमचंच चालवायचं ठरलं. पैशासाठी रेडिओ सेटवरची आयात जकात वाढवली पण केंद्रं बंद केली नाहीत. म्हणजे बघा, इंग्रज सरकार, तेही सविनय कायदेभंगाच्या दिवसांतलं, आणि मूठभर श्रोते, पण श्रोत्यांनी रेडिओ वाचवला. ही गोष्ट लक्षात ठेवा, मी नंतर परत तिच्याकडे येणार आहे.

८ जून १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव पडलं. लायोनेल फील्डन नावाचा बीबीसीचा माणूस आदल्या वर्षी इथे येऊन या खात्याचा प्रमुख झाला होता. पहाटे केंद्र उघडताना जी धून वाजते, तानपुरा आणि त्यावर व्हायोलिन, जी ऐकून आपल्यातल्या कितीतरी जणांच्या आया चूल पेटवायच्या, ती वॉल्टर कॉफमान नावाच्या माणसाने केली. हा ज्यू संगीतकार, युरोपात हिटलरचं संकट आलं म्हणून १९३४ ला मुंबईत आला, आकाशवाणीत नोकरीला लागला आणि त्याने शिवरंजनीत ही धून बांधली. जीव वाचवायला आलेल्या परदेशी माणसाची धून या देशाची सकाळ झाली, मला याचं फार कौतुक वाटतं. आकाशवाणी हे नावसुद्धा दिल्लीतून आलेलं नाही, म्हैसूरच्या गोपालस्वामी नावाच्या प्राध्यापकांनी १९३५ ला स्वतःचं छोटं केंद्र काढलं होतं त्याचं ते नाव, नंतर ते सगळ्या देशाने घेतलं.

स्वातंत्र्य मिळालं तेव्हा आपल्या वाट्याला सहा केंद्रं आली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता, मद्रास, तिरुचिरापल्ली आणि लखनौ. देशाच्या अडीच टक्के भूभागावर आणि अकरा टक्के लोकांपर्यंत आवाज पोचायचा, बस. आपण त्या अकरा टक्क्यांत धरण्यासारखे नव्हतोच.

त्याच वर्षी १२ नोव्हेंबरला दिवाळी होती. कुरुक्षेत्राला पश्चिम पंजाबातून आलेल्या निर्वासितांची प्रचंड छावणी होती, गांधीजींना तिथे जायचं होतं पण जाता आलं नाही, म्हणून ते दिल्लीच्या ब्रॉडकास्टिंग हाउसमध्ये गेले आणि तिथून त्या लोकांशी बोलले. गांधीजी रेडिओ केंद्रात आयुष्यात एवढे एकदाच गेले. आता ते कोणासाठी गेले हे बघा. ज्यांचं घरदार गेलं, जे तंबूत दिवाळी काढत होते, त्यांच्यासाठी गेले. १२ नोव्हेंबर हा दिवस आता लोकसेवा प्रसारण दिन म्हणून पाळतात. आणि योगायोग असा की बरोबर पाच वर्षांपूर्वी, १२ नोव्हेंबर १९४२ ला, उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांचं गुप्त काँग्रेस रेडिओ पोलिसांनी मुंबईत पकडलं होतं, कारण सरकारचा रेडिओ खरी बातमी देत नव्हता म्हणून विशीतल्या पोरीला स्वतःचा ट्रान्समीटर चालवावा लागला होता. एकाच तारखेला या दोन गोष्टी. रेडिओ लोकांचा नसला की काय होतं आणि लोकांचा असला की काय होतं, मला वाटतं दोन्ही त्यात आलं.

पुढचा काळ मी जरा भरभर सांगतो कारण बऱ्याच जणांना तो माहिती आहे. पुण्याचं केंद्र २ ऑक्टोबर १९५३ ला सुरू झालं, तिथूनच १९५५ च्या रामनवमीपासून वर्षभर दर आठवड्याला एक गाणं असं गीतरामायण झालं, छप्पन गाणी, आणि लोक सेटला हार घालून ऐकायला बसायचे असं म्हातारी माणसं अजून सांगतात. दिल्लीत बाळकृष्ण केसकर मंत्री होते, आपले मराठी, शास्त्रीय संगीताचे जाणकार. त्यांनी सिनेमाची गाणी जवळजवळ बंदच करून टाकली, हार्मोनियमला तर त्यांच्या आधीपासून म्हणजे १९४० पासूनच बंदी होती ती थेट १९७१ पर्यंत. केसकरांवर लोक नुसती टीका करतात, मी करणार नाही, संस्थानं गेल्यावर दरबारी गवयांना पोटाला आधार कोणी दिला तर आकाशवाणीने दिला, कितीतरी मोठे गायक वादक त्यामुळे टिकले. पण ऐकणाऱ्याला काय आवडावं हे मंत्र्याने ठरवायचं, हे मला पटत नाही. लोकांनाही पटलं नाही, त्यांनी सरळ शॉर्टवेव्हवर काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला, तिथे सिनेमाची गाणी लावणारे अमीन सायानी होते, त्यांची बिनाका गीतमाला दर बुधवारी रात्री लागायची. आपल्याकडे केळीच्या बागेत पाणी देणारा माणूससुद्धा बुधवारी रात्री सिलोन धरून बसायचा. शेवटी आकाशवाणीला ३ ऑक्टोबर १९५७ ला विविध भारती काढावी लागली. इथेही श्रोताच जिंकला, कोणी मोर्चा काढला नाही, फक्त काटा फिरवला.

आता ज्याच्यासाठी मी मुख्यतः आलोय त्या गोष्टीवर येतो. १९५६ साल. युनेस्कोच्या मदतीने आकाशवाणीने एक प्रयोग केला, पुण्याचा प्रयोग म्हणून तो जगभर ओळखला जातो आणि आपल्याच महाराष्ट्रात कोणाला माहिती नाही. पुणे, नगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर असे पाच जिल्हे, दीडशेच्या आसपास गावं. आपला जळगाव जिल्हा त्यात नव्हता पण नाशिक होतं, म्हणजे चाळीसगावच्या पलीकडे उतरलं की प्रयोग सुरू. गावात पंधरा-वीस माणसांचं मंडळ करायचं, आठवड्यातून दोनदा संध्याकाळी सगळ्यांनी एकत्र बसायचं, अर्ध्या तासाचा शेतीचा, आरोग्याचा, गावच्या कारभाराचा कार्यक्रम ऐकायचा, आणि ऐकून झाल्यावर उठून जायचं नाही! त्यावर बोलायचं. एकाने लिहून घ्यायचं, काय ठरलं, काय पटलं नाही, काय प्रश्न आहेत, आणि तो कागद केंद्राला पाठवायचा. मग पुढच्या कार्यक्रमात त्या गावाचं नाव घेऊन उत्तर यायचं.

टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसच्या लोकांनी, पॉल न्यूरॅथ नावाचे समाजशास्त्रज्ञ होते त्यांच्या देखरेखीखाली, याची मोजदाद केली. त्यांनी हुशारी अशी केली की मंडळाची गावं बघितली, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशीही गावं बघितली, आणि रेडिओच नाही अशीही बघितली. आणि काय सापडलं? मंडळाच्या गावात लोकांची माहिती भरपूर वाढली, ज्यांना लिहिता वाचता येत नव्हतं त्यांचीसुद्धा वाढली. पण रेडिओ आहे आणि मंडळ नाही तिथे फारसा फरक पडला नाही. म्हणजे नुसता आवाज सोडून काही होत नाही हो, गावाने त्याच्यावर उलट बोलायला पाहिजे आणि ते बोललेलं केंद्रापर्यंत परत जायला पाहिजे. मी शाळेत शिकवत होतो, मला हे वाचून एकदम पटलं, वर्गात पोरं प्रश्न विचारायची बंद झाली की शिकवणं संपलं समजायचं.

१९५९ पासून हा प्रयोग देशभर न्यायचं ठरलं. मंडळं हजारोंनी निघाली, पण कागदावर जास्त. गावातून आलेली पत्रं वाचायला, त्यांची उत्तरं शोधायला, शेती खात्याच्या माणसाला स्टुडिओत आणून बसवायला जी माणसं लागतात ती नेमली नाहीत, सेट बिघडले की दुरुस्त झाले नाहीत, आणि साठचं दशक संपेपर्यंत सगळं विरून गेलं. त्यातूनही शेतीचे कार्यक्रम मात्र राहिले आणि त्यांनी काम केलं. तमिळनाडूत तंजावरकडे भाताच्या एका नव्या वाणाचा रेडिओवर इतका प्रचार झाला की शेतकरी त्याला रेडिओ भात म्हणूनच ओळखायला लागले. ही ताकद होती. आणि ती आपण वापरली अर्धीमुर्धी.

आता आपल्या जळगाव केंद्राकडे येतो. सत्तरच्या दशकात ते सुरू झालं. ९६३ किलोहर्ट्झ, मध्यम लहर. त्याच्या आधी आपल्याकडे काय होतं? दिवसा मुंबई, पुणे खरखरत लागायचं, संध्याकाळ झाली की इंदूर, अहमदाबाद, आणखी कुठकुठली केंद्रं एकमेकांवर चढायची. याचं कारण साधं आहे, मध्यम लहर दिवसा जमिनीला धरून चालते, आणि रात्री वातावरणाच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येते म्हणून लांब लांब जाते आणि दुसऱ्याच्या आवाजात घुसते. जळगाव आलं आणि पहिल्यांदा दिवसाढवळ्या स्वच्छ आवाज आला, आणि तो आवाज आपल्यासारखा बोलत होता. आखाजीची गाणी, कानबाईची गाणी, लेवा गणबोलीतल्या ओव्या, अहिराणीतल्या गप्पा. आमच्या गल्लीत एक आजी होत्या, त्यांनी पहिल्यांदा अहिराणी गाणं सेटवर ऐकलं तेव्हा सुनेला हाक मारून म्हणाल्या, "ये वं इकडे, आपलं गाणं रेडिओवर वाजी ऱ्हायनं!" ही गोष्ट तुम्हाला लहान वाटेल. मला नाही वाटत. ज्या पोरांना शाळेत अहिराणी बोलल्याबद्दल हसायचे, "गावंढळ बोलतो" म्हणायचे, त्यांच्या घरात सरकारी मान्यतेच्या यंत्रातून तीच बोली आली. बहिणाबाई इथल्या आसोद्याच्या, शाळेची पायरी न चढलेली बाई, आणि सगळा महाराष्ट्र तिच्या ओळी म्हणतो. पण तिच्यासारख्या अजून किती बाया जात्यावर गात गेल्या आणि त्यांचं कोणी टिपून ठेवलं नाही. केंद्राची माणसं टेपरेकॉर्डर घेऊन गावात गेली तेव्हा त्यातलं थोडंसं तरी वाचलं.

आकाशवाणी म्हणते आम्ही २३ भाषांत आणि १७९ बोलींत कार्यक्रम करतो. जगात एवढ्या भाषा सांभाळणारी प्रसारण संस्था शोधून सापडायची नाही, आणि हे खाजगी कंपनी कधीच करणार नाही, का करेल? पावरी बोलणाऱ्या धडगावच्या माणसाला कोणती जाहिरात विकायची आहे? सातपुड्यात असे पाडे आहेत जिथे मोबाईलची रेंज डोंगराच्या एका ठरावीक टोकावर गेल्याशिवाय येत नाही. तिथे चार सेल टाकले की चालणारा सेट अजून कामाचा आहे. आणि खाली तापीकाठी बघा, हतनूर धरणाचे ४१ दरवाजे उघडले की काठच्या गावांना कळायला पाहिजे, वीज गेलेली असते, टॉवर बंद पडतो, व्हॉट्सअॅपवर तीन वर्षांपूर्वीचा व्हिडिओ फिरत असतो. त्या वेळेला एक आवाज असा पाहिजे ज्याच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

विश्वास हा शब्द आला म्हणून आता कडू भाग सांगतो, तो सांगितल्याशिवाय हे व्याख्यान प्रामाणिक होणार नाही. २६ जून १९७५ ला सकाळी इंदिरा गांधींनी आकाशवाणीवरूनच आणीबाणी जाहीर केली. तेव्हा माहिती आणि प्रसारण मंत्री इंद्रकुमार गुजराल होते, त्यांना लगेच त्या खात्यातून हलवलं आणि विद्याचरण शुक्ल आले. पुढचे एकोणीस-वीस महिने रेडिओवर फक्त सरकारची स्तुती. लोक परत एकदा काटा फिरवायला लागले, या वेळी बीबीसीकडे. १९७७ ला जनता सरकार आलं, बी. जी. वर्गीज यांची समिती नेमली, तिने १९७८ ला सांगितलं की रेडिओ आणि टीव्ही दोन्ही एका स्वतंत्र न्यासाकडे द्या, सरकारचा हात काढा. विधेयक आलं, सरकार पडलं, विषय गेला. ३१ ऑक्टोबर १९८४ ला इंदिरा गांधींची हत्या सकाळी झाली, परदेशी रेडिओने दुपारी सांगून टाकलं आणि आपल्या आकाशवाणीने संध्याकाळी सांगितलं. आपल्याच पंतप्रधानांची बातमी देशाने बाहेरून ऐकली. केंद्रात बसलेली माणसं काय नालायक होती का? अजिबात नाही, उत्तम माणसं होती, पण परवानगी वरून यायची होती.

१९९० ला रेडिओ आणि टीव्ही एका स्वायत्त संस्थेकडे देणारा प्रसार भारतीचा कायदा संसदेत झाला. आणि मग सात वर्षं तो तसाच पडून राहिला! अंमलात कधी आला, तर १५ सप्टेंबर १९९७ ला, आणि तेव्हा पंतप्रधान कोण होते, तर तेच इंद्रकुमार गुजराल. ज्या माणसाला १९७५ ला या खात्यातून काढलं, त्याच्या हातून बावीस वर्षांनी हे झालं. मधल्या काळात १९९५ च्या फेब्रुवारीत सुप्रीम कोर्टाने एक निकाल दिला, क्रिकेटच्या प्रक्षेपणावरून भांडण होतं, बंगाल क्रिकेट असोसिएशन आणि सरकार यांच्यात, आणि त्या खंडपीठावर आपले न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. कोर्टाने सांगितलं की ध्वनिलहरी ज्यावरून जातात त्या हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, ती लोकांच्या हितासाठी वापरायची, सरकारने तिच्यावर मक्तेदारी करायची नाही. मी सुरुवातीला जो प्रश्न विचारला, रेडिओ कोणाचा, त्याचं उत्तर देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टाने तीस वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. नदीचं पाणी जसं धरणाच्या इंजिनियरचं नसतं, तसंच हे.

मग अडलं कुठे? पैशाशी अडलं. प्रसार भारती कागदावर स्वायत्त आहे पण कर्मचाऱ्यांचा पगार केंद्र सरकारच्या तिजोरीतून येतो, आणि कोणताही पक्ष दिल्लीत असो, पगार देणाऱ्याला बातमीपत्रात आपलंच तोंड बघायला आवडतं. ब्रिटनमध्ये बीबीसीसाठी घरटी लायसन फी घेतात, जर्मनीत दर घरामागे महिन्याला १८.३६ युरो घेतात, म्हणजे पैसा थेट ऐकणाऱ्याकडून येतो, मंत्र्याच्या हातून येत नाही. आपल्याकडेही होतं की लायसन! पोस्टात जाऊन दरवर्षी भरायचो, पुस्तकावर तिकिटं चिकटवून शिक्का मारून मिळायचा, ऐंशीच्या दशकात ते बंद केलं. लोकांना बरं वाटलं, मलाही वाटलं असणार, पण त्या दिवशी श्रोत्याचं आणि केंद्राचं पैशाचं नातं तुटलं. अमेरिकेत २०२५ ला काय झालं बघा, तिथल्या संसदेने सार्वजनिक प्रसारणाचा आधीच मंजूर केलेला निधी परत काढून घेतला, आणि त्यात सगळ्यात आधी जीव कोणाचा टांगणीला लागला तर ग्रामीण भागातल्या छोट्या केंद्रांचा. मोठ्या शहरातली केंद्रं देणग्या गोळा करतात. छोट्यांना कोण देणार.

आणि आपल्याकडे अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांच्या लक्षात येते. खाजगी एफएमला या देशात स्वतःच्या बातम्या द्यायला परवानगी नाही, त्यांनी दिल्या तर आकाशवाणीचीच बातमीपत्रं जशीच्या तशी द्यायची. म्हणजे रेडिओवर बातमी सांगणारा माणूस देशात एकच. मला हा नियम मान्य नाही, पण तो आहे तोपर्यंत आकाशवाणीची जबाबदारी दुप्पट होते, कारण सातपुड्यातल्या माणसाला दुसरीकडे काटा फिरवायची सोयच नाही.

आता पोरांचा प्रश्न, कोण ऐकतं. २०२३ च्या जूनमध्ये पुण्याचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करायचा आदेश निघाला. सकाळचं बातमीपत्र, जे सगळा महाराष्ट्र ऐकतो, ते दुसऱ्या शहरात हलवणार होते. काय झालं? लोक चिडले, पेपरात आलं, सगळ्या पक्षांची माणसं बोलली, आणि काही दिवसांत तो निर्णय थांबवावा लागला. १९३१ चं मघाशी सांगितलं ना, ते हेच. ब्याण्णव वर्षांनी परत तेच झालं. कोणी ऐकत नसतं तर ओरडलं कोण असतं?

पण पुण्यासाठी ओरडायला पुणं आहे. जळगावसाठी कोण आहे? देशभरात मध्यम लहरीचे ट्रान्समीटर एकेक करून बंद होतायत, एफएमवर भर आहे, आणि एफएमचा आवाज गोड असतो हे खरं, पण एफएम सरळ रेषेत जातं, डोंगर आडवा आला की संपलं, मध्यम लहर डोंगराच्या मागे वाकून जाते. शहरातून बघणाऱ्याला हा फरक कळत नाही, त्याच्या समोर सातपुडा नाहीये. मोठ्या केंद्राचा कार्यक्रम छोट्या केंद्रांना जोडून द्यायचा, म्हणजे खर्च वाचतो, हेही हिशोबात बरोबर दिसतं, पण जोडून दिलेल्या कार्यक्रमात केळीवरच्या करप्यावर कोणी बोलणार नाही, गुलाबी बोंडअळी आपल्याकडे या आठवड्यात कुठल्या टप्प्यावर आहे हे कोणी सांगणार नाही. रावेरचा भाव आणि बऱ्हाणपूरचा भाव यात फरक का पडतो हे विचारायला शेतकरी कोणाकडे जाणार?

फोनवर अॅप आहे, न्यूज ऑन एअर, त्यावर देशातली कितीतरी केंद्रं लागतात, सुरतला, पुण्याला कामाला गेलेली आपली पोरं त्यावर आपल्याकडचं ऐकतात, ते चांगलंच आहे आणि ते वापरा. पण ते बाहेर गेलेल्यांसाठी झालं. इथे राहिलेल्यांसाठी आणि इथे न बोलता राहिलेल्यांसाठी केंद्र पाहिजे. माझ्या मते तीन गोष्टी आपण मागून घ्यायला पाहिजेत आणि मी म्हणतोय मागून, कारण मागितल्याशिवाय काही येणार नाही. अहिराणी, भिली, पावरी, लेवा यांना रोजची ठरलेली वेळ, सणावारापुरती नाही. केंद्रातल्या जुन्या टेपा ज्या असतील त्या संगणकावर चढवणं आणि त्या शाळा कॉलेजांना ऐकायला मिळणं, कारण चुंबकीय फीत आपल्या हवेत टिकत नाही, बुरशी लागते, चिकटते, आणि एकदा गेली की त्या बाईचा आवाज गेला. आणि तिसरं, ते १९५६ सारखं मंडळ. आता त्याला सरकार नको, सेट आपल्याकडे आहेत, फोन आहेत, या वाचनालयाची खोली आहे. आठवड्यातून एक कार्यक्रम एकत्र ऐकायचा, त्यावर भांडायचं, आणि जे निघेल ते लिहून केंद्राला पाठवायचं.

एका ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली की पत्र लिहून काय होणार, तिथे वाचतं कोण. ताई, केंद्राला पत्रं येतात की नाही, कुठून येतात, कशावर येतात, ही त्यांच्याकडे वर दाखवायला एकच गोष्ट असते. दिल्लीतल्या साहेबाला तुमचं प्रेम दिसत नाही, त्याला आकडा दिसतो. म्हणून नुसतं "कार्यक्रम छान होता" असं लिहू नका. गावाचं नाव लिहा, तालुका लिहा, कुठल्या तारखेला किती वाजता ऐकलं ते लिहा, साध्या सेटवर ऐकलं का फोनवर, आवाज स्वच्छ होता का खरखर होती, डोंगराच्या पायथ्याला असाल तर ते आवर्जून लिहा, आणि पुढच्या वेळी कशावर ऐकायचंय ते लिहा. मागे टेबलावर कोरी पोस्टकार्डं ठेवली आहेत, केंद्राचा पत्ता फळ्यावर लिहिलाय, चहा येईपर्यंत एक एक लिहून होईल.